पन्हळीवरचे राखणदार

डोळे तपासणीच्या शिबिरात काही बोधपर सांगा, म्हणून मंडळाची माणसं तीनदा घरी येऊन गेली. तिन्ही वेळा साखरेचा चहा ढोसला आणि उठताना म्हणाली, मधुमेहावर बोला. चौथी नापास माणसानं डॉक्टरांसमोर बोलायचं म्हणजे थट्टाच. पण ऐकत नाहीत. तर सांगतो, आणि मधे कुणी खोकू नका.

एकदा एक म्हातारा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस नेमक्या कोणत्या क्षणी उतरवायचा, हे ओळखणारा माणूस. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवला तर करपतो. ही पारख सगळी डोळ्यांची. म्हाताऱ्याच्या हाताखाली एक चेला होता. चेला म्हणजे पोरगा नव्हे, पन्नाशीला टेकलेला गडी. पंचवीस हंगाम शिकत होता, तरी म्हातारा त्याला 'नवा' म्हणूनच हाक मारी.

काय दिवस होते ते. पौषात चुलवाण पेटलं की चिपाडाच्या धुराचा आणि पाकाचा वास शिवारभर पसरायचा. येणारा-जाणारा वाट वाकडी करून यायचा, पळसाच्या पानावर गरम गूळ घ्यायचा आणि बोटं चाटत घरच्या गोष्टी सांगत बसायचा. इतरांकडे लोखंडी पाइप आले होते. इथं मात्र चरकातला रस कौलांच्या पन्हळीतूनच काहिलीकडे यायचा. मातीच्या बांधावर उलटी मांडलेली कौलं आणि त्यांचे चुन्यानं भरलेले सांधे. रस वाहताना जो आवाज यायचा, तो पाइपातून येत नाही.

गुऱ्हाळाची एक रीत होती. पाक झाला का हे बघायला पळीभर रस गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळायची. ती गोळी गुळव्यानं तोंडात टाकायची. तो काहिलीचा मान, आणि आता तो चेल्याकडे आला होता. दिवसाला सात काहिली, एकेकीला तीन-तीन गोळ्या. चेल्याला मधुमेह निघून दहा वर्षं झाली होती, पण त्यानं मान मोडला नाही. घरी बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि इथं येऊन वीस-एकवीस गोळ्या खायचा. वर बायकोला सांगायचा, पथ्य पाळतो म्हणून.

त्या हंगामात त्याला फेस पुसट दिसू लागला. नजरेसमोर काळे धागे तरंगू लागले. दोन काहिली करपल्या, तेव्हा तो घाबरून जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला आणि संध्याकाळी तणतणत परतला.

"काय म्हणाला डॉक्टर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"डोळ्यात सुई घालतो म्हणतोय. दर महिन्याला."

"मग घेऊन टाक."

"आबा, दंडात नव्हे, डोळ्यात. आणि कारण काय सांगतो, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या म्हणे अंगाच्या राखणदार. त्यांनीच पडद्यातल्या बारीक नळ्या सुजवल्या, म्हणून नळ्या पाझरतात. आपलेच राखणदार आपलं घर पाडतात होय? मी काय खुळा वाटलो त्याला? नाही जायचा परत."

गुळव्याचे डोळे गेले तर उरतो काय, हे म्हाताऱ्याला चेल्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उसाच्या गाड्या दारात उभ्या असताना, म्हाताऱ्यानं चरक बंद करायला लावला. पन्हळीचे सांधे पाझरत होते, मुंगळे लागले होते, म्हणून गुऱ्हाळाच्या मालकानं चार राखणदार ठेवले होते. हातात खराटे, पायात वहाणा. त्या चौघांना म्हातारा म्हणाला, "घरी जा." मग दोन घागरी स्वच्छ पाणी आणलं आणि चरकाच्या टोकापासून पन्हळ धुऊन काढली.

मालक धावत आला. गाडीवान, गिऱ्हाईकं, बायाबापड्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मुंगळे लागलेत आणि हा राखणदार घालवतो! गुरू अकलेनं आंधळा, चेला डोळ्यानं. छान जोडी जमवली मी."

चेल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. म्हाताऱ्यानं त्याला हाताला धरून पन्हळीपाशी बसवलं. "नव्या, त्याच्याकडे बघू नकोस. इकडे बघ."

तासाभरात मुंगळे पांगले. बांधावर दिसत होते ते फक्त वहाणांचे ठसे. जिथं ठसे दाट, तिथंच कौलं हललेली, सांधे उघडे.

म्हातारा म्हणाला, "आधी एकच सांधा पाझरत होता. माणसं राखायला आली, बांधावर चढली, नाचली. चार सांधे उघडले. रस जास्त सांडला, म्हणून माणसंही जास्त आली. त्यांची नियत वाईट नव्हती लेका, पाय जड होते. आणि पन्हळ नाजूक. तुझ्या डोळ्यात तर मुंगळेसुद्धा नाहीत. शत्रू कुणीच नाही. नुसत्या गोडानं नळ्यांची आग होते आणि राखणदार हाका ऐकू आल्यासारखे धावतात, भिंतीला चिकटून बसतात. त्यांना मारून चालायचं नाही, तापात-जखमेत तेच उभे राहतात. डॉक्टर सुई देतो ती सांधे लिंपायला. पण वरून गोड ओतायचं कुणी थांबवायचं? ते काय डॉक्टर येऊन थांबवणार?"

चेला उठला आणि चुना कालवायला लागला.

सांधे भरून संध्याकाळची काहील लागली. चेल्यानं गोळी वळली, सवयीनं हात तोंडापाशी गेला आणि तिथंच थांबला. तो उठला, दूर बाभळीखाली मुंगळ्यांचं वारूळ होतं, त्याच्या तोंडाशी गोळी ठेवून आला. म्हातारा चुलवाणाकडेच बघत होता. मात्र त्या दिवसानंतर त्यानं 'नवा' अशी हाक कधी मारली नाही.

चेल्यानं सुया घेतल्या. उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता, तो धूसर राहिला तो राहिलाच. म्हातारा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चुलवाणाच्या जागी मंगल कार्यालय आहे आणि तिथं गुलाबजाम वाढतात. पळसाचं पान पुढे करणारं कुणी उरलं नाही. उजवा डोळा मिटला की अजून कौलांवरून रस वाहिल्याचा आवाज येतो.

डोळा दुखत नाही, सगळं दिसतं, म्हणून घरी बसू नका. दिसतंय तोवरच दाखवा.

आणि ती आंधळ्यांची जोडी म्हणणारा मालक पहिल्या रांगेत बसून मघापासून खोकतोय. म्हातारा ऐकायला उरला नाही, पण हा बोलतोय तो चेला उरलाय. मालक जिनगोंडा मगदूम, चुकलो एवढं एक म्हणायचं तुमचं अजून बाकी आहे.