हौसा आणि उजेडाचा शेला

मोगऱ्याच्या मळ्यात हौसा नावाची एक पोर होती, आणि ती फार फार दमलेली होती. आईबाप नव्हते. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, कारण उमललेल्या फुलांना गिऱ्हाईक नसतं. मग पाणी, मग झाडलोट. जरा टेकली की मुकादम दौलतमामांची हाक आलीच, "हौसे, उठ!" लेकराने बसायचं तरी कधी?

एका दुपारी तिला हिरव्यागार झुडपात एक चिमुकली परी दिसली. पंख मोरपंखी, झगा चंदेरी, आणि डोळे झोपेने जड झालेले.

"सकाळपासून वर देऊन देऊन थकले बाई," परी जांभई देत म्हणाली. "तुलाही दोन देते. माग."

"मला घटकाभर कुणाला दिसायचं नाही," हौसा म्हणाली. "निजायचंय."

परीने सोनेरी, गुलाबी, निळे कवडसे वेचले आणि त्यांचा झुळझुळीत शेला विणला.

"ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून पुढे जातं ना? तसा उजेड या शेल्याला वळसा घालतो. म्हणून तू दिसणार नाहीस. पण उजेड आत येतच नाही, तेव्हा तुलाही काही दिसणार नाही. आणि नियम ऐक. कुणावर पाळत ठेवायला पांघरला, तर तो अंगावरून निघणार नाही."

हौसा शेल्यात शिरली. आत काळोख, गारवा आणि शांतता. ती गाढ झोपली.

जागी होऊन तिने शेला काढला, तर समोर दौलतमामा! रिकाम्या जागी पोर एकदम उगवलेली पाहून त्यांनी तो हिसकावलाच.

"आण इकडे! आता कळेल, कोण कामचुकारपणा करतं आणि माझ्यामागे काय बोलतं."

"मामा, आतून दिसत नाही हो! आणि तो निघणारही नाही!"

ऐकतो कोण? मामांनी शेला पांघरला, मळ्यात राबणाऱ्या बायकांच्या आवाजाच्या रोखाने चाचपडत निघाले आणि थेट विहिरीत पडले.

"वाचवा! कपारीला धरलंय!"

बायका धावल्या. दोर आणला, पण सोडायचा कुठे? वरून मामा दिसेनात आणि मामांना दोर दिसेना. शेला ओढून ओढून ते रडकुंडीला आले. हात सुटत चालले.

हौसाजवळ एक वर उरला होता. रोज दुपारी अशीच झोप मिळावी, असं ती मागणार होती. तिला रागही आला आणि रडूही आलं. पण बुडणाऱ्याचा कसला राग धरायचा?

"परीताई, मामांचा शेला सोडव."

"आणि तुझी झोप?" तिच्या खांद्यावर उतरत परीने विचारलं.

"राहू दे," हौसा म्हणाली.

परीने तिच्या कपाळाची पापी घेतली. "गुणाची गं माझी सोनुली!" शेला विरला, त्याचे सारे कवडसे विहिरीतून वर उसळले, आणि त्या लखलखाटात परीही दिसेनाशी झाली.

बायकांनी मामांना वर ओढलं. "मी ओरडत होतो आणि कुणाला दिसतच नव्हतो," ते पुटपुटले. मग त्यांची नजर हौसाच्या सुजलेल्या बोटांवर गेली.

"किती दमलीस गं पोरी! नीज जरा. पाण्याचं मी बघतो."

असं तिला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. हौसा पोटभर रडली आणि आंब्याच्या सावलीत, सगळ्यांच्या देखत झोपली.

तेव्हापासून त्या मळ्यात दुपारी सगळ्याच जणी निजतात. कुणी हाक मारलीच, तर दौलतमामा ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "शूऽऽ! लेकरू दमलंय."