उपडं घंगाळ

एका राज्यात राजा जन्माने होत नसे, पाण्याने होत असे. दर तीन पावसाळ्यांनी डोंगरावरच्या देवळापुढे तांब्याची घंगाळं मांडली जात, एकेका उमेदवाराच्या नावाचं एकेक. घरोघरची माणसं पायथ्याच्या कुंडातून ओंजळभर पाणी नेत आणि आपल्या पसंतीच्या घंगाळात ओतत. ज्याचं घंगाळ आधी भरून वाहे, त्याला त्याच पाण्याने न्हाऊ घालून गादीवर बसवत. रयतेच्या पाण्याने न्हालेला राजा रयतेला विसरत नाही, असं म्हणत. आणि विसरलाच, तर साळुंक्या होत्या.

त्या राज्यातल्या साळुंक्या बातमी सांगत. कुठे बांध फुटला, कुठे कोतवालाने कोणाची कोंबडी उचलली, राजाने वचन काय दिलं आणि केलं काय, सगळं पारावर येऊन सांगत. साळुंकीची चोच उघडी असेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि जागचं हलायचं नाही, अशी रीत होती. राजेसुद्धा ती पाळत.

पुढे देवळाचा महंत राजाच्याही वर चढून बसला. त्याच्यापाशी मंत्राचा शंख होता. "देवाला कलकल खपत नाही," असं म्हणून त्याने शंख तोंडाशी धरला, श्वास आत ओढला, आणि साऱ्या साळुंक्यांचे आवाज शंखात जाऊन बसले. तेव्हापासून रोज सकाळी शंखच बोले, "सर्व कुशल आहे. देवाची कृपा आहे." देवाला विचारायला कोणी गेलं नव्हतं. देव बिचारा गाभाऱ्यात गप्प होता.

मग उमेदवारही महंतच ठरवू लागला. तिघे उभे राहत, तिघेही त्याचे शिष्य, उपरण्यांचे रंग तेवढे निराळे. लोक पहिल्या खेपेला चिडले, दुसऱ्या खेपेला हसले, आणि मग यायचेच थांबले. घंगाळाचं काही अडलं नाही. ते मंत्राने आपोआप भरे.

त्या राज्यात भिवरा नावाची हलगीवाली होती. हलगी वाजवून गाव गोळा करावं आणि मग आपल्या सोनकी नावाच्या साळुंकीला बोलू द्यावं, हा तिचा धर्म. पण ज्या साळुंकीची वाचा जाते, ती नखांपासून दगड होत जाते. सोनकी पंखांपर्यंत दगड झाली होती. नवा राजा न्हाला की ती चोचीपर्यंत दगड होणार होती, आणि मग कायमची. भिवराला हे बघवेना. ती तडक डोंगर चढून गेली.

"महाराज, माझ्या सोनकीचा आवाज द्या."

महंत मृगाजिनाच्या उंच आसनावर बसला होता. म्हणाला, "तीन कामं कर. काळडोहातल्या सुसरीच्या जबड्यातला मणी आण."

भिवरा डोहावर गेली आणि सुसरीला म्हणाली, "बाई, तोंड वेडंवाकडं का करतेस? काही दुखतंय का?" सुसरीला आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मणी दाढेत रुतून बसला होता. भिवराने तो काढला, सुसरीने तिला पाठीवर बसवून काठाला सोडलं.

दुसरं काम, जळत्या वनातल्या राक्षसाच्या शेंडीचा केस. राक्षसाला साता डोंगरांपलीकडच्या भावाची खुशाली कळली नव्हती. भिवराने ती काढून आणली. केस त्याने आपल्या हाताने उपटून दिला, वर डोळे पुसले.

महंताच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, "तिसरं काम. निवडीच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत देवळाच्या पायऱ्या माणसांनी भरू देत. बोलावून नव्हे, आपणहून. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी हवं. तसं झालं तर मी या आसनावरून उठेन, देवाची शपथ. न झालं तर साळुंकीबरोबर तूही दगड होशील."

"कबूल," भिवरा म्हणाली. धाडस म्हणतात ते हे. कारण राक्षसाकडून केस मिळवणं सोपं, शेजाऱ्याला घराबाहेर काढणं महाकठीण!

ती गावी आली. पारावर निंबाजी कोष्टी बसला होता. न विचारताच म्हणाला, "घंगाळ आपोआप भरतं, भिवराबाई. आम्ही ओतलं काय नि न ओतलं काय."

म्हातारी तान्हाबाई तांबटीण म्हणाली, "उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणारे? एवढा डोंगर चढायला माझे पाय काही फुकटचे नाहीत."

बोलवायचं तर नव्हतं. मग भिवराने आपलं रोजचंच काम केलं. हलगी वाजवली आणि ओरडली, "ऐका हो ऐका! सोनकी बातमी सांगते!"

गाव जमलं. सोनकीने चोच उघडली. आवाज आला नाही. पण चोच उघडी होती, म्हणजे हलायचं नाही. माणसं उभी राहिली. गप्प उभी राहिली. कोणी नखं पाहिली, कोणी आभाळ. सोनकी चोच मिटेना.

अखेर निंबाजीला राहवलं नाही. "ती माझंच सांगतेय," तो म्हणाला. "माझे माग देवाच्या नावाने उचलून नेले."

"नाही रे," तान्हाबाई रडत म्हणाली, "माझ्या लेकाचं सांगतेय. शंख खोटं बोलतो म्हणाला, म्हणून कोठडीत आहे."

मग तिसरा बोलला, मग सगळेच. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की अकुशल काय ते आपल्याच घरी आहे, बाकीचं राज्य सुखात आहे. तान्हाबाईने डोळे पुसले. "चौथं घंगाळ कुठे गेलं गं, भिवरा? माझ्या आज्याने घडवलं होतं, बिननावाचं. तिघेही नको असले तर त्यात ओतायचं. ते भरलं की तिघे घरी, आणि निवड नव्याने."

कोणालाच आठवेना. भिवरा पुढच्या गावाला गेली, तिथून पुढच्या. सगळीकडे तेच झालं, सगळीकडे चौथ्या घंगाळाची विचारणा सुरू झाली.

निवडीचा दिवस उजाडला. भिवरा सोनकीला घेऊन देवळापुढे उभी राहिली. पायऱ्या मोकळ्या होत्या. शंख म्हणाला, "सर्व कुशल आहे." सोनकी गळ्यापर्यंत दगड झाली, भिवराचे पाय गुडघ्यापर्यंत. ऊन कलायला लागलं. भिवरा घाबरली होती, खोटं कशाला सांगू? पण तिने शब्द मागे घेतला नाही.

तेवढ्यात खालून तान्हाबाई आली. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, पण ओंजळ सुटली नव्हती. तिच्या मागे निंबाजी, त्याच्या मागे गाव, गावामागे गावं. सगळ्या पायऱ्या भरल्या.

"नमस्कार करा!" महंत कडाडला.

"हात गुंतलेत, महाराज," निंबाजी म्हणाला.

"आता उठा," भिवरा म्हणाली.

महंत आसन धरून बसला. तेव्हा गाभाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. देवाची शपथ देवाने ऐकली होती. महंत उठला. तान्हाबाईने पायाच्या बोटाने मृगाजिन बाजूला सारलं, आणि खाली दिसलं उपडं घातलेलं चौथं घंगाळ! आजवर महंत त्याच्यावरच बसला होता.

चौघांनी कोपरांनी रेटून ते सुलटं केलं. लोकांनी पाणी ओतलं, ते काठोकाठ भरून वाहिलं, आणि शंख तडकला. आभाळभर आवाज सुटले. भिवराच्या पायांतला दगड विरघळला, कोठड्यांची कुलपं गळून पडली, सोनकीने पंख झाडले.

लोक म्हणाले, "भिवराबाई, तुम्हीच गादीवर बसा."

"मी बसले, तर माझी बातमी कोण सांगणार?" ती म्हणाली आणि हलगी उचलून चालू लागली. अशी माणसं राज्याला मिळतात, तेव्हा त्यांना डोक्यावर घ्यावं वाटतं, आणि ती घेऊ देत नाहीत.

पुन्हा निवड झाली. लोकांनी निंबाजीला न्हाऊ घातलं. दुसऱ्या सकाळी सोनकी वाड्यापुढे येऊन बसली. नव्या राजाने खुशीने कान दिला.

"ऐका हो ऐका!" सोनकी म्हणाली. "नवा राजा उशिरा उठला. वेशीवरच्या पुलाची फळी अजून मोडलेलीच आहे."

राजाने सोनकीची चोच मिटेपर्यंत मान खाली घालून ऐकलं, आणि न्याहारी तशीच टाकून तो पुलाकडे निघाला. असा राजा त्यांना लाभला, तसा मागणाऱ्या साऱ्यांना लाभो.