कोसीचं फोडलेलं मडकं

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्याच्या टोकाला, डोंगरात एक पाडा होता. तिथे कोसी नावाची म्हातारी राहायची.

एके दिवशी कोसीचा नवरा वारला. पाड्याची रीत अशी, की घरी गाळलेली मोहाची दारू आधी मातीवर शिंपडायची, गेलेल्याचं नाव घ्यायचं, मग प्रत्येकाने पानाच्या द्रोणातून घोटभर घ्यायची. जन्माला, लग्नाला, मरणाला. एरवी त्या मडक्याला कोणी हात लावत नसे.

कोसीने मडकं बाहेर आणलं, तोच राजाचे शिपाई अंगणात आले.

"डोंगरातल्या लोकांनी घरी दारू गाळायची नाही. राजाचा हुकूम आहे!" असं म्हणून एकाने काठीने मडकं फोडलं.

"अरे, माझा माणूस इथे निजलाय. त्याला निरोप तरी देऊ द्या!"

"राजाने नेमलेल्या ठेकेदाराची दारू विकत आण. ती चालते."

कोसीने नुसतं पाणी शिंपडून नवऱ्याला निरोप दिला. मग तीन दिवस चालत ती राजवाड्यात गेली. तिथे मेजवानी रंगली होती. राजाच्या हातात द्राक्षाच्या मद्याचा पेला होता.

"महाराज, ही दारू कुठं केली?" कोसीने विचारलं.

"आमच्याच तळघरात," राजा हसून म्हणाला.

"मग तुमचं मडकं कोण फोडणार?"

राजा संतापला. "आमची गोष्ट वेगळी! तुम्हा रानातल्या लोकांना ताळतंत्र नसतं."

"आमच्या पाड्यात पिऊन पडलेला एक माणूस दाखवा, महाराज. इथं तर मला आत्ताच चार दिसतायत."

शिपायांनी तिला ढकलून बाहेर काढलं.

पुढे पाड्यात ठेकेदाराचं दारूचं दुकान लागलं. जी जन्म, लग्न, मरणालाच घोटभर मिळायची, ती आता सकाळ-संध्याकाळ मिळू लागली. धडधाकट माणसं दुकानाच्या पायरीवर लोळू लागली. कोसीने सगळ्यांना गोळा केलं.

"मडकं फोडलं ते सोसलं. आता माणसं मोडायला लागलीत. उठा, चला इथून."

सगळा पाडा डोंगर ओलांडून शेजारच्या राज्यात गेला.

त्या उन्हाळ्यात रानात वणवा पेटला. दरवर्षी तो विझवणारी पाड्यातली माणसंच उरली नव्हती. आग राजधानीच्या वेशीपर्यंत आली, तेव्हा कुठे राजाने हुकूम मागे घेतला आणि कोसीकडे माणूस धाडला.

"परत चला, आजी. राजाने माफ केलंय."

"माफ?" कोसी कडाडली. "गुन्हा त्याचा, आणि माफी आम्हाला? सांग त्याला, आमच्या चुली आता इथंच पेटतील."

जे वाड्यात शौक म्हणून चालतं, तेच झोपडीत गुन्हा ठरवणारा कायदा हा न्याय नसतो. तो अपमान असतो.