गाठ न मारलेले सूत

एका राज्यात राजवाड्याच्या अंगणात एका सकाळी ताडाचे झाड उभे दिसले. आदल्या संध्याकाळी ते नव्हते. त्याच सकाळी राजा धैर्यकेतू नाहीसा झाला. दोन्ही गोष्टींचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. दरबारी माणसे शहाणी, त्यांनी विहिरीत गळ टाकले.

राणी हिरण्मयी गोंधळली. राजाला समुद्र पाहायला जायचे होते. म्हणून तिने मांत्रिकाकडे एवढेच मागितले होते, की राजा जागचा हलू नये. मग तो गेला कसा?

त्या राज्याचा रिवाज असा, की नवरा दूर गेला की बायकोने जवळच्या झाडाला तीन फेऱ्या सूत गुंडाळून पक्की गाठ मारायची. जवळचे झाड ताडच. "घरी या. घरीच राहा. कुठे जाऊ नका," म्हणत राणीने गाठ मारली. सुताला मुळे फुटली, पाने फुटली, आठ दिवसांत सुताचा वड झाला आणि त्याने ताड आवळला. ताडाची तीनच पाने उरली.

राणीने वडावर कुऱ्हाड चालवली. चीक वाहिला, ताड कण्हला, एक पान गळले. घाबरून तिने आणखी सूत गुंडाळले, दुसरे गळले. आपण एका झाडासाठी का रडतो आहोत, हेच तिला कळेना.

वर एक हरियाल पक्षी वडाची फळे खात बसला होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, राजा घरीच आहे, हा ताड म्हणजे तोच. तुम्ही मागितलेत, तो हलला नाही. तिसरे पान गळले की मरेल."

"मग सोडवू कसा?"

"उलट्या तीन फेऱ्या घाला. मागणे परत घ्या."

दोन फेऱ्या कशाबशा झाल्या. तिसरीला तिने मान वर करून पाहिले. वरचे पान पिवळे पडत होते.

"जा," ती म्हणाली. "परत नाही आलात तरी जा."

मुळे सैल झाली आणि राजा बाहेर आला. पोकळ वड तसाच उभा राहिला. राजाने आधी पाणी मागितले, मग समुद्राची वाट विचारली. राणीने रडत रडत शिदोरी बांधून दिली. मांत्रिकाला हद्दपार केले. बिचाऱ्याने सांगितले तेच केले होते.

वर्षाने राजा आपल्या पायांनी परत आला आणि सिंहासनावर बसला. त्या राज्यात बायका अजूनही झाडाला सूत गुंडाळतात. गाठ मात्र कुणी मारत नाही.