चौऱ्याऐंशी नकाशांचा चोर

ठेकेदाराने फोनवर एकच गोष्ट विचारली. मंगल कार्यालयाचा जिना एका नकाशात डावीकडे आहे आणि दुसऱ्यात उजवीकडे, तर नवरीने खाली उतरायचं कुठून? एवढ्या एका प्रश्नाने सांगलीतलं शितोळेसाहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस हादरलं. साहेब कामात पट्टीचे, पण हट्टी. कोणी रजेचा अर्ज पुढे केला तर ‘बुधवारी बघू’ म्हणून पुढच्या कामाला लागायचे, आणि तो बुधवार कोणी पाहिला नव्हता. त्यांनी फोन आपटला आणि तडक भिंतीवरच्या तक्त्यापुढे जाऊन उभे राहिले.

तक्त्यावर त्या मंगल कार्यालयाच्या चौऱ्याऐंशी नकाशांची नावं होती आणि प्रत्येकापुढे बरोबरची तांबडी खूण. हा तक्ता आप्पा चौगुल्यांचा. आप्पा ऑफिसातले सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. नकाशा पुरा झाला की ते तांबड्या पेन्सिलीने खूण करत, आणि एकदा केलेली खूण पुसणं म्हणजे अपशकुन, असा त्यांचा समज. मग नकाशा आत कितीही बदलो, तक्ता बिचारा पुराच राहायचा.

साहेबांनी तिथेच फर्मान काढलं. पुरे झालेले नकाशे कोणीतरी मागाहून बिघडवतंय. शनिवारपर्यंत तो चोर समोर उभा राहिला पाहिजे, नाहीतर रविवारपासून आप्पांनी घरी बसायचं. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

वैजयंताला मात्र संताप आला. तासगावहून आलेली ही मुलगी ऑफिसात सगळ्यांत नवी, जेमतेम सहा महिन्यांची. नकाशा कसा वाचायचा ते तिला याच आप्पांनी शिकवलं होतं, तेही स्वतःचं काम बाजूला ठेवून. ती पुढे झाली.

“साहेब, चोर मी आणते. पण शिक्षाही मीच सांगणार.”

साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कबूल. पण माझ्याही अटी ऐक. कोणाची उलटतपासणी करायची नाही, कुठल्या फायलीला कुलूप लावायचं नाही, आणि चोराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं पाहिजे.”

म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगण्यातलाच प्रकार! पण वैजयंता वाद घालत बसली नाही. तिने भिंतीवरचा तक्ता कॉम्प्युटरात नेला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे काढायचे, त्यातच प्रत्येक नकाशाला त्याची तपासणीची यादी दिली: मापं, दारं-खिडक्या, जिना, पाण्याचे उतार. आणि दाव्याने गाय बांधावी तशी यादी नकाशाला बांधून टाकली. आता एखादी भिंत हलली, की ती जिथे जिथे दिसते त्या सगळ्या नकाशांच्या खुणा आपोआप उडायच्या. पुन्हा तपासल्याशिवाय त्या परत यायच्या नाहीत. शिवाय कोणत्या कॉम्प्युटरवरून आणि किती वाजता बदल झाला, तेही यादीत उमटायचं.

“खुणा आपल्या आपण पुसल्या जातात?” आप्पा हबकले. “हे काय लक्षण बरं न्हवं, पोरी.”

बुधवारी दुपारी चार वाजता एकोणीस खुणा उडाल्या. कॉम्प्युटर कोणाचा? तर आप्पांचा! गुरुवारी पुन्हा तेच. चार वाजता तर आप्पा वैजयंताबरोबर खाली टपरीवर चहा पीत होते. तिला ते ठाऊक होतं, पण यादीला कोण सांगणार?

शुक्रवारी तिने अर्धा कप चहा तसाच ठेवला, जिना चढून वर आली आणि काचेतून हळूच डोकावली. आप्पांची खुर्ची रिकामी नव्हती. ती आल्या पावली परत गेली आणि गार झालेला चहा शांतपणे संपवला.

“सापडला, आप्पा. पण नाव मी घेणार नाही. त्याचं तोच घेईल.”

शनिवारी सगळ्यांनी मान मोडून काम केलं. नकाशे पुन्हा तपासले, राहिलेलं दुरुस्त केलं. चार वाजता साहेब मीटिंगच्या खोलीत आले तेव्हा मोठ्या पडद्यावर एका बाजूला नकाशा होता आणि दुसऱ्या बाजूला आकडा: चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी. वैजयंताने साहेबांपुढे चहा ठेवला, चहाशेजारी माऊस ठेवला आणि एकदा नजर टाका म्हणाली.

साहेब खूश झाले. एकेक नकाशा बघत जिन्यापाशी आले आणि थांबले. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. “हा जिना जरा दोन फूट डावीकडे...” असं पुटपुटत त्यांनी तो हलवला देखील.

पडद्यावर खुणा पटापट उडायला लागल्या. ऐंशी. सत्तर. पन्नास. आकडा सत्तेचाळीसवर येऊन थांबला.

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. “कोण आहे तो? माझ्या डोळ्यांदेखत! आत्ताच्या आत्ता कोणी हात लावला?”

वैजयंता अदबीने म्हणाली, “साहेब, माऊस कोणाच्या हातात आहे?”

साहेबांनी खाली पाहिलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

“माझ्या,” साहेब म्हणाले. मग पडेल आवाजात, “पण मी नुसता हात फिरवत होतो गं. चार वाजता तुम्ही सगळे खाली जाता, मग मी आपला आप्पांच्या जागेवर बसतो...”

“तोंडाने कबूल झालं,” वैजयंता म्हणाली. “आता शिक्षा. नकाशात काही हलवावंसं वाटलं, तर साहेबांनी आधी आप्पांना विचारायचं. आप्पा हो म्हणाले तरच हलवायचं.”

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशी थरथरली, आणि पोट धरून ते असे हसत सुटले की टेबलावरचा चहा हिंदकळला. हसता हसताच त्यांनी माऊसची वायर उपटली आणि माऊस वैजयंताच्या हातावर ठेवला. “घे, चोराचं हत्यार जप्त कर. आजपासून सगळ्या याद्या तुझ्या ताब्यात. आणि आप्पा, रविवारी घरी बसा, पण सोमवारी वेळेवर या.”

मग दारापर्यंत जाऊन ते मागे वळले. “बरं, आप्पा, तेवढा जिना दोन फूट...?”

आप्पांनी तांबडी पेन्सिल कानावर खोवली.

“बुधवारी बघू, साहेब.”