वाळूवरचं मीठ

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. नाही आठवत तेच बरं, कारण तिथे जे घडलं ते ऐकून कुणालाही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटेल.

त्या राज्याच्या एका टोकाला समुद्र होता आणि दुसऱ्या टोकाला उंच पठार. समुद्राकाठी मिठागरं होती. पठारावर माणसं होती, गुरांचे कळप होते, पण मिठाचा खडा नव्हता. मीठ खालून वर जायचं. आधी रस्त्याने नदीपर्यंत, मग नावेतून पलीकडे, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून पठारावर. पावसाळ्यात घाट बंद व्हायचा, म्हणून त्याआधी जेवढं मीठ पोचेल तेवढ्यावरच पठाराला पुढचे महिने काढावे लागत.

रस्ता, नदी आणि घाट यांची तीन वेगळी खाती होती. रस्त्याचा कारभारी तरुण आणि उत्साही होता. घाटाचा कारभारी म्हातारा आणि हट्टी होता. नावांची कारभारीण या दोघांहून हुशार होती, निदान तिला तरी तसं वाटायचं. ही गोष्ट तिचीच आहे.

आता त्या राज्याची एक रीत ऐका. दुसऱ्याच्या खात्यात काय चाललंय हे विचारणं म्हणजे तिथे अपमान समजला जाई. वर्षातून एकदा तिघं दरबारात भेटत, एकमेकांना शाल आणि नारळ देत, "आपलं छान चाललंय ना?" "आपल्या कृपेने," एवढं बोलून घरी जात. याला ते मिळून काम करणं म्हणत.

एका वर्षी राणी त्यांना म्हणाली, "वर मीठ कमी पडतंय. येत्या उन्हाळ्याच्या आत काय ती सुधारणा करा."

तिघांनी माना डोलावल्या आणि ते कामाला लागले. अगदी जीव तोडून लागले हो. आळशी असते तर एवढं नुकसान झालं नसतं.

रस्त्याच्या कारभाऱ्याने रस्ता दुप्पट रुंद केला. गोण्या भरा, शिवा, उचला, ही कटकटच नको म्हणून त्याने मोठमोठे गाडे आणले आणि त्यांत मीठ सुटंच भरायला लावलं. कारभारणीला वाटलं, मीठ नेहमीसारखं गोण्यांतूनच येणार. तिने जुन्या ऐसपैस नावा मोडून अरुंद, चपळ नावा बांधल्या. एकामागे एक गोण्या ठेवा आणि सुटा. म्हाताऱ्याने घाटाला सुरेख दगडी पायऱ्या घातल्या. माणसाला चढायला त्या फारच सोप्या होत्या. बैलाचं काय, हे मात्र त्याच्या मनातही आलं नाही.

उन्हाळा आला. गाडे धडाधड नदीवर येऊन थांबले. नावाडी म्हणाले, "गोण्या कुठायत?" गाडीवान म्हणाले, "गोण्या बंद झाल्या." मग गाडीवानांनी मीठ तिथेच वाळूवर ओतलं आणि ते पुढची खेप आणायला गेले. ढीग वाढत गेला.

कारभारणीची एकुलती एक लेक पठारावर दिली होती. तिचा सगळा संसार गुरांवर चालायचा. एका धनगराबरोबर तिचा निरोप आला. "आई, घरात तर मीठ नाहीच, पण आता गुरं भिंती चाटायला लागलीत. गाभण गाई उठेनात. मीठ कधी येतंय तेवढं सांग."

कारभारणीचा असा संताप झाला की विचारू नका. एवढ्या देखण्या नावा आपण बांधल्या, आणि या दोन शहाण्यांना साधं मीठ आणून देता येत नाही म्हणजे काय? तिने दोघांनाही नदीवर बोलावून घेतलं.

"हे मीठ उचला," ती रस्त्याच्या कारभाऱ्याला म्हणाली.

"माझा रस्ता त्या जांभळीपाशी संपतो बाई," तो म्हणाला. "तिथवर मीठ वेळेआधी आलंय."

"माझ्या नावा पाण्यात सुरू होतात. वाळूवर नाव चालते का?"

"मग ही वाळू कुणाची?"

तिघांनीही खाली पाहिलं. वाळू कुणाचीच नव्हती.

"मला कशाला बोलावलंत?" म्हातारा कुरकुरला. "इथून माझी पहिली पायरीसुद्धा दिसत नाही."

खरं सांगायचं तर कारभारणीचे नावाडी काठावर रिकामेच बसले होते. टोपल्या भरून त्यांनी मीठ थोडं थोडं पलीकडे नेलं असतं. तिला ते कळत का नव्हतं? चांगलं कळत होतं. पण एकदा हात लावला की ढीग आपल्या गळ्यात पडेल आणि चूकही आपली ठरेल, या धास्तीने ती गप्प बसली. शेवटी वाळू कुणाची याचा निवाडा मागायला तिघांनी दरबारात माणूस धाडला, आणि निवाड्याची वाट पाहत ते जांभळीच्या सावलीत बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. वर गाई मरत होत्या आणि हे सावलीत बसले होते.

दरबारातून उत्तर येण्याआधी नदीच आली. वर डोंगरात कुठेतरी वळीव कोसळला असावा. पाणी गढूळ झालं, चढत चढत वाळूवर आलं आणि ढिगाला लागलं. वाळू कुणाची हे पाण्याने विचारलं नाही.

कारभारीण धावली. गुडघाभर पाण्यात शिरून ती पदरात मीठ भरू लागली. ते पाहून तरुण कारभाऱ्याने अंगावरची शाल पसरली. म्हाताऱ्यानेही पागोटं सोडलं. तिघांच्या हाती लागलं ते जेमतेम काही गोण्यांपुरतं. बाकी सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळून गेलं.

उरलेलं मीठ जुन्या गोण्यांत भरून तिघं मिळून निघाले. नाव डुगडुगू लागली तसा तरुण कारभारी काठ घट्ट धरून बसला.

"एवढी अरुंद कशी हो बांधलीत?"

"गोण्यांसाठी."

"गोण्या तर आम्ही बंद केल्या."

"सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही विचारलं असतंत तर?"

पुढे घाटात पहिल्याच पायरीशी बैलांनी पाय रोवले. म्हाताऱ्याने चुचकारलं, दटावलं, मागून ढकललं. शेवटी तिघांनी एकेक गोणी खांद्यावर घेतली आणि म्हातारा पुढे चढू लागला. आपल्या पायऱ्या तो ओझं घेऊन आज पहिल्यांदाच चढत होता.

पठारावर पोचल्यावर कारभारीण थेट लेकीच्या गोठ्यात गेली. गोठा निम्मा रिकामा होता. दावी खुंट्यांना तशीच बांधलेली होती. लेकीने गोणी सोडली, उरल्यासुरल्या गाईंच्या तोंडाशी मूठमूठ मीठ धरलं, आणि मग आईकडे वळून म्हणाली,

"आई, तुझ्या नावा फार छान झाल्यात म्हणे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने खरंच तसं ऐकलं होतं. कारभारणीला मात्र तोंड वर करता आलं नाही. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली.

राणीने कुणाला शिक्षा केली नाही. पण त्या वर्षापासून हंगामाच्या आधी तिन्ही कारभाऱ्यांनी मिठाची एक गोणी मिठागरापासून पठारापर्यंत स्वतः पोचवायची, आणि वाटेत जिथे ती अडेल तिथे तिघांनी मिळून दुरुस्ती करायची, असा हुकूम निघाला. पुढे मीठ वेळेवर पोचू लागलं. लेकीच्या मेलेल्या गाई काही परत आल्या नाहीत.

तात्पर्य: आपल्या हद्दीपुरतं काम चोख केलं म्हणजे काम झालं असं नाही, ज्याच्यासाठी केलं त्याच्या हाती ते पोचलं, तरच ते झालं.