अंकुर येईपर्यंत

“…पण बाई, मग अंकुर जातो कुठे?”

श्रीरंग नाचणकर तिसऱ्यांदा तेच विचारत होता. तालुक्यातल्या मास्तरांना संगणक शिकवणारा हा पठ्ठ्या आज आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे लॅपटॉप घेऊन आला होता, आणि ते त्याच्या मनाला जरा लागलंच होतं.

उद्या शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर त्याचा आदर्श पाठ होता. दोन वर्षं या पाठासाठी त्याचं नाव मागे पडलेलं. यंदाही फजिती झाली, तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

पाठ होता ‘बी कसं रुजतं’. पडद्यावर आधी बी, मग हळूहळू वर येणारा अंकुर, मग पानं. एकेका क्लिकवर एकेक. पण बी आलं की थेट पानंच डोलायला लागत.

त्याने अंकुर वर येण्याचा इफेक्ट काढून पुन्हा घातला होता, क्रम तपासला होता, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला होता. शेवटी सॉफ्टवेअरलाच नावं ठेवून झाली.

करमरकर बाईंना संगणकातलं फारसं कळत नव्हतं. पण या पोराला त्या चौथीपासून ओळखत होत्या. उत्तर द्यायला वर्गात सगळ्यांत जास्त वेळ लावायचा, आणि तरी त्यांचा फार लाडका होता.

“दाखव बघू.”

त्याने क्लिक केलं. बी आलं. पुन्हा क्लिक केलं, आणि लगोलग आणखी एकदा. पानं डोलली.

“बघितलंत?”

“बघितलं,” म्हणत बाई आत गेल्या आणि काठोकाठ भरलेली कपबशी घेऊन आल्या. “दोन्ही हातांनी धर. सतरंजी कालच धुतलीय.”

“बाई, आत्ता चहा…”

“धर.”

मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं. बी आलं. पुन्हा दाबलं.

काहीच झालं नाही.

श्रीरंगचं बोट शिवशिवलं. कप हिंदकळला…

मातीतून एक हिरवं टोक निघालं. त्यानेच ठरवून दिलेल्या संथ गतीने ते वर आलं आणि उभं राहिलं.

अंकुर निघायच्या आतच आपण पानांना बोलावत होतो, हे त्याला कळलं. हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

“पण उद्या वर्गात कपबशी कुठून आणू?”

बाईंनी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली.

“तू उत्तर शोधत उभा असायचास,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी दोन्ही हातांनी डस्टर धरायचे.”